शुक्रवार पेठेतला गाळा आणि खोगिरांची निगा

मी, बाळाबाई गणपतराव जीनगर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा घोड्यांची खोगिरे साफ करणे व दुरुस्त करणे, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, आज माझ्या गाळ्यात, कामाच्या बाकावर बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले, त्यामुळे सुईत दोरा मला अजून पहिल्या खेपेस ओवता येतो. गुडघे दुखतात, पण त्यांचा या कागदाशी संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

वकीलबाई स्नेहल इंगवले म्हणाल्या की कोणाला काय, एवढे लिहिले तरी पुरते. का, ते लिहावे लागत नाही. त्यांचे बरोबर असेल. पण माझा एक निर्णय असा आहे की त्याचे कारण मी लिहून ठेवले नाही, तर माझ्यामागे लोक आपापल्या मनाची कारणे लावतील.

कलम एक. राहते घर माझ्या पतीच्या नावे होते. त्यांच्या पश्चात त्यावर माझे आणि माझा मुलगा सम्राट याचे नाव लागले. माझा हिस्सा मी सम्राटला देत आहे. बँकेतील ठेवही त्याचीच, मात्र तीतून आधी माझी नात तेजस्वी हिचे शिक्षण व्हावे. तिला जे शिकायचे असेल ते, तिच्या बापाला जे शिकवायचे असेल ते नव्हे. मागच्या न्हाणीच्या नळाला डावीकडे फिरवल्यावर पाणी येते, हे घर विकत घेणाऱ्याला किंवा भाड्याने राहणाऱ्याला आधी सांगावे.

कलम दोन. माझी बोरमाळ सूनबाई मोना हिला. लग्नानंतरचे पहिले वर्षभर मोना माझ्या हातचा चहा घेताना नाक जरा बाजूला करत असे, कारण माझ्या हाताला चामड्याचा आणि मेणाचा वास येतो. मी ते बघितले होते आणि मनात ठेवले होते. तिसऱ्या वर्षी तिने स्वतःची चामडी पर्स आणून गुपचूप माझ्यापुढे ठेवली. मी ती साफ करून दिली. राग तिथेच मिटला, हे तिला कळावे म्हणून लिहिले.

कलम तीन. माझे दीर अमरसिंह, हल्ली मुक्काम मलकापूर, यांना माझ्याकडून काहीही नाही. कारण पुढीलप्रमाणे.

माझे माहेर नेसरी. वडील बैलांच्या घुंगरांचे पट्टे शिवत, त्यामुळे चामडे मला नवीन नव्हते. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मालक म्हणजे माझे पती गणपतराव खोगिरे शिवत आणि दीर गिऱ्हाईक बघत. बायकांनी दुकानाची पायरी चढायची नाही असा दिरांचा कायदा होता. लग्नानंतर तीन वर्षांनी ऐन पावसाळ्यात मालकांना टायफॉईड झाला. ते एकवीस दिवस अंथरुणावर होते. दुकानात अकरा खोगिरे पडून होती आणि त्यांच्यावर हिरवी-पांढरी बुरशी चढली होती. दीर गावाला गेले होते. मालक झोपूनच सांगत, मी दुकानात जाऊन तसे करत असे. आधी खोगीर अंगणात नेऊन कोरड्या फडक्याने बुरशी पुसायची, म्हणजे ती दुकानातल्या दुसऱ्या चामड्यावर उडत नाही. मग साबण, मग सावलीत वाळवण, मग तेल. अकराच्या अकरा खोगिरे वाचली.

दीर परत आल्यावर त्यांनी खोगिरे बघितली, कोणी केली ते विचारले आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाले की बाईमाणसाने हात लावलेल्या खोगिरावर आता कोण बसणार. मालक भिंतीला धरून उठले होते. ते एवढेच म्हणाले, "बसल्यावर कळतंय की."

त्या दिवसापासून मी दुकानात बसू लागले आणि दीर वर्षभरात वेगळे झाले. जाताना चामडे कापायच्या सगळ्या नव्या राप्या, दाभणे आणि दोन्ही चांगले बाक घेऊन गेले. मालकांनी एक शब्द काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. आता काढला. मात्र देवघरातली मोठी समई माझ्या सासूबाईंची आहे आणि ती थोरल्या-धाकट्याचा विचार न करता त्यांनी अमरसिंहांना देईन म्हटले होते. ती त्यांना पोचवावी. घासून पोचवावी.

कलम चार. शुक्रवार पेठेतील गाळा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस आण्णासो चौगले यांच्या घराची भिंत. हा गाळा मी एक्क्याण्णव साली माझ्या स्वतःच्या कमाईतून माझ्या नावे घेतला. तो, त्यातील बाक, खोगिरे ठेवायची सहा लाकडी घोडकी, शिवणयंत्र, सर्व हत्यारे आणि गिऱ्हाइकांची वही यांसह मी सलमा कामिल मुल्ला हिला देत आहे. सलमा ही मीरासाब नायकवडी यांची मुलगी. माझ्या नात्याची नाही. ती गेली सतरा वर्षे माझ्याबरोबर काम करते. परंतु मी गाळा तिला देण्याचे कारण सतरा वर्षांच्या आधी सुरू होते.

मालक दोन हजार तीन साली गेले. त्यानंतर मी एकटीने दुकान चालवत होते आणि बरे चालवत होते. दोन हजार सहाच्या जानेवारीत शहराबाहेरच्या एका घोडेस्वारी शाळेकडून सोळा खोगिरे आली. स्पर्धा तोंडावर होती आणि मुदत चार दिवसांची. शाळेचे मालक धैर्यशीलराव. तिथले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची सगळी निगा बघणारे, मीरासाब.

माझ्या मालकांनी, गणपतरावांनी, मला घालून दिलेला नियम असा. खोगिराला साबण लावण्याआधी बाजूची चामडी झापड उचलायची. तिच्याखाली जे पट्टे असतात त्यांना तंग अडकवतात, आणि तंग घोड्याच्या पोटाखालून जातो. खोगीर त्यावर टिकते आणि खोगिरावरचा माणूसही. ते पट्टे एकेक करून अंगातला सगळा जोर लावून ओढायचे. शिवण करकरली की खोगीर बाजूला काढायचे.

पंधरा खोगिरांना मी तसे केले. सोळाव्याची झापड उचलली नाही. वेळ नव्हता, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. वेळ होता. त्या वेळात मी बाकीच्या पंधरा खोगिरांवर दुसऱ्यांदा फडके मारत बसले होते, कारण ती ओळीने चकाकताना बघायला मला आवडत होते.

त्या सोळाव्या खोगिरावर धैर्यशीलरावांचा पुतण्या राजवीर बसला. वय बावीस. सरावात अडथळ्यावरून घोडा उडाला, शिवण उसवली, खोगीर फिरले आणि राजवीर लाकडी खांबावर गुडघ्याने आदळला. गुडघ्याचा चुरा झाला. धैर्यशीलरावांनी तिथेच सगळ्यांसमोर ठरवले की मीरासाबने तंग नीट कसला नव्हता. वीस वर्षे काम केलेल्या माणसाला त्याच दुपारी फाटकाबाहेर काढले.

दोन दिवसांनी ते खोगीर दुरुस्तीला माझ्याकडेच आले. मी झापड उचलली. शिवण घामाने कुजून काळी पडली होती. दोरा बोटांत चुरगाळला, त्याची पूड झाली. अशी शिवण दोन-चार दिवसांत होत नाही. मी तो पट्टा एकदा ओढला असता तर तो माझ्या हातात आला असता.

हे जगात फक्त मला माहीत होते. मी नवीन पट्टे शिवले, जुना तुकडा खणात टाकला आणि आठ दिवस गप्प बसले. जेवत होते, झोपत होते, गिऱ्हाइकाशी हसून बोलत होते. हे मला लिहायला आवडत नाही, पण झाले ते असे.

नवव्या दिवशी सकाळी सलमा आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि मी तिला फक्त चेहऱ्याने ओळखत होते. वडिलांसाठी कुठे काम आहे का, असे विचारायला ती दुकानोदुकानी फिरत होती, कारण दुसऱ्या कुठल्या पागेत त्यांना कोणी उभे करत नव्हते. मी म्हटले, बघते. ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "मावशी, अब्बा रोज एकच सांगत्यात, तंग मी कसला हुता. आम्ही घरातली म्हणतोय, व्हय, कसला हुता. पर आता त्येंचाच त्येंच्यावर इश्वास उडालाय."

ती गेल्यावर मी दुकान बंद केले, खणातला तुकडा पिशवीत घातला आणि धैर्यशीलरावांच्या घरी गेले. ते पडवीत बसले होते. मी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

"मीरासाबभाऊंचा दोष न्हाय," मी म्हटले. "शिवण कुजल्याली. मी झापड उचलून बघितलो न्हाय."

त्यांनी तो तुकडा बराच वेळ हातात फिरवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही काय बोलताय कळतंय का? उद्यापासनं कोण काम देणार तुम्हाला?"

"कोण न्हाय देणार," मी म्हटले.

"जावा," ते म्हणाले. तुकडा त्यांनी मला परत दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीरासाबना बोलवायला गाडी पाठवली. माफी मागितली की नाही ते मला माहीत नाही. मीरासाबनी ते कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

त्या दिवशी पडवीतून निघाले ती मी थेट मीरासाबच्या घरी गेले आणि उंबऱ्यात उभी राहूनच सगळे सांगितले. मला वाटले होते ते मला घालवून देतील. त्यांनी आधी बायकोला चहा टाकायला सांगितले, मग मला बसायला. चहा आल्यावर म्हणाले, "वैनी, त्या दिशी तंग मी कसला. पट्टा मी बी बघितला न्हाय. अर्धं माझं." मी ते अर्धे त्यांना कधी दिले नाही. पण त्या माणसाने ते मागून घेतले, ही गोष्ट माझ्या मुलाला माहीत असावी.

धैर्यशीलराव म्हणाले तसेच झाले. पावणेदोन वर्षे माझ्या दुकानात एकही खोगीर आले नाही. मी शाळेची दप्तरे शिवली, ढोलांचे पट्टे शिवले, कमरेच्या पट्ट्यांना भोके पाडून दिली. दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर एके सकाळी राजवीर काठी टेकत आला. बरोबरच्या माणसाने त्याचे खोगीर बाकावर ठेवले. मी त्याला विचारले की सगळे गाव सोडून माझ्याकडे कशाला.

"काकी," तो म्हणाला, "कोल्हापुरात परत्येक पट्टा ओढून बघणार असं आता एकच माणूस हाय. म्हणून आलोय."

घोड्यावर तो पुन्हा बसू शकला नाही. पण घोडे त्याने सोडले नाहीत. हल्ली पेठ वडगावला त्याची स्वतःची पागा आहे, मुलामुलींना शिकवतो, आणि चालताना लंगडतो. त्याच्यामागून बाकीची गिऱ्हाइके हळूहळू परत आली. धैर्यशीलराव सहा वर्षांनी आले, तेही स्वतः नव्हे, खोगिरे मीरासाबबरोबर पाठवून. मला ते पुरले.

राजवीरचे खोगीर आले त्याच्या पुढच्या वर्षी सलमा कामाला आली. शिकवताना मी तिच्यावर ओरडले आहे, तिनेही दोनदा काम सोडून दाखवले आहे. गाळा तिलाच द्यायचा हे मी चार वर्षांपूर्वी एका सकाळी ठरवले. लग्नाच्या वरातीचा घोडा होता, मुहूर्त दुपारचा, आणि खोगीर न्यायला माणूस दारात उभा. सलमाने शेवटचा पट्टा ओढला, शिवण करकरली. मी तोंड उघडायच्या आत तिने रापीने तो पट्टा त्या माणसासमोर कापून टाकला, म्हणजे त्याने कितीही गळ घातली तरी ते खोगीर त्या दिवशी वापरता येऊ नये. माणूस वाट्टेल ते बोलला. सलमा म्हणाली, "शिव्या घाला की. पर ह्याच्यावर नवरदेव बसायचा न्हाय." मग दुसऱ्या पागेतून खोगीर उसने आणून तिने ते स्वतः घोड्यावर चढवले. वरात वेळेवर निघाली.

मागच्या दिवाळीत मी हे सम्राटला सांगितले. तो चिडला. शेजारी मोठी इमारत होते आहे, गाळ्याला चांगले गिऱ्हाईक आहे, आणि रक्ताचे माणूस सोडून परक्याला देणारी आई त्याने पाहिली नव्हती, असे म्हणाला. मी त्याला म्हटले, "तुला घर दिलं, शिक्षण दिलं. हे दुकान तुला दिलं तर तू इकशील, तिला दिलं तर चालंल. मला चालायला पायजे." तो दोन महिने फोनवर नीट बोलला नाही. यंदा गणपतीला आला तेव्हा एका दुपारी आपणहून गाळ्यात आला, बाकावर बसला आणि सलमाला विचारून विचारून स्वतःच्या बुटांना तेल लावले. जाताना मला म्हणाला, "आई, तुझं हाय, तू ठरव." तो मनापासून राजी आहे असे मी लिहिणार नाही. पण तो या कागदाविरुद्ध कोर्टात जाणार नाही, एवढे मी माझ्या मुलाला ओळखते.

खणातला कुजका तुकडा मी बाकाच्या वर खिळ्याला टांगला आहे. तो सलमाने ठेवावा की काढावा, हे तिने ठरवावे.

कलम पाच. ही अट नाही, विनंती आहे. पण मी ती अटीसारखीच करते. गाळ्यात खोगिरांची निगा पुढीलप्रमाणे राखावी. पाय अडकवायच्या रिकिबी, तंग, सगळे सुटे करून मगच काम सुरू करावे. पट्टे ओढावेत. आधी कोरडी धूळ पुसावी. धुळीवर पाणी लावले की चिखल होतो आणि तो चामड्याच्या छिद्रांत बसतो. कोमट पाण्यातला स्पंज पूर्ण पिळून घ्यावा. साबण ग्लिसरीनचा, आणि फेस होऊ लागला की समजावे पाणी जास्त झाले. कपड्यांची पावडर आणि रॉकेल यांना दुकानात जागा नाही. वाळवण सावलीत. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेले चामडे पापडासारखे होते आणि मग कुठलेही तेल त्याला परत आणत नाही.

तेलाबद्दल जास्त लिहिते, कारण सगळे तिथेच चुकतात. चामडे किंचित ओलसर असतानाच, हाताला लागेल न लागेल एवढे तेल फडक्याने चोळावे आणि रात्रभर सोडावे. सकाळी तहान दिसली तर पुन्हा. खालची खरबरीत बाजू तेल जास्त पिते, तिला आधी द्यावे. भडाभडा तेल ओतलेले खोगीर मऊ दिसते, पण चामडे ताणले जाते, शिवण सैल पडते आणि बसणाऱ्याची विजार खराब होते ती वेगळीच. शेवटी मेण, पातळ. जत्रेत फवारा मारून क्षणात चकाकी आणणारी बाटली विकणारा एक माणूस दर वर्षी माझ्याशी वाद घालतो. त्याच्याशी सलमाने वाद घालू नये, तो वाद माझ्याबरोबर संपावा.

कलम सहा. मीरासाब नायकवडी यांना माझ्या पतीची वेताची आरामखुर्ची. रविवारी ते गाळ्यात येऊन तिच्यातच बसतात आणि आम्ही दोघी काय चुकीचे करतो ते सलमाला सांगतात. खुर्ची त्यांच्या मालकीची झाली तरी ती गाळ्यातच राहावी अशी माझी इच्छा आहे, म्हणजे ते येत राहतील.

कलम सात. माझे दिवस साधे करावेत. गाळा एक दिवस बंद ठेवावा, त्याहून जास्त नको. राजवीरला फोन करून कळवावे, त्याने गुडघा सांभाळून यावे, जिने चढू नयेत.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई स्नेहल इंगवले यांनी करावी. त्यांना या कागदातून काही मिळत नाही. त्यांच्या बुटांचे काम मात्र सलमाने करून द्यावे.

कलम नऊ. हे लिहीत असताना माझ्यासमोरच्या घोडक्यावर मलकापूरच्या एका गिऱ्हाईक आक्कांचे खोगीर आहे; दिरांशी त्यांचे नाते नाही. त्यांच्या यजमानांचे ते. यजमान गेल्यापासून सात वर्षे माळ्यावर पडून होते आणि आले तेव्हा फळीसारखे ताठ होते. आता आक्कांच्या नातीला घोडा शिकायचा आहे, आणि तिला आजोबांचेच खोगीर हवे आहे. नऊ दिवस मी आणि सलमा त्याला थोडे थोडे तेल देत आहोत. काल दुपारी त्याची झापड पहिल्यांदा आवाज न करता वाकली. सलमाने ती दोनदा वाकवून बघितली, मग मी बघितली, मग आम्ही दोघींनी चहा मागवला. गुरुवारी ते द्यायचे आहे. त्याआधी माझे काही बरेवाईट झाले, तर उजव्या बाजूला एक हात तेल लावायचे बाकी आहे, तेवढे सलमाने लावून वेळेवर पोचवावे. काही झाले नाही तर मी स्वतःच लावीन. खरे तर सही झाली की लगेच लावायला घेणार आहे.

वरील मजकूर मी लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्या देखत, पूर्ण समाधानाने खाली सही केली.

ठिकाण : शुक्रवार पेठ, कोल्हापूर
तारीख : १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

(सही) बाळाबाई गणपतराव जीनगर

साक्षीदार, ज्यांनी सही करणारीला सही करताना पाहिले व तिच्यासमोर स्वतः सही केली :

१. (सही) आण्णासो चौगले, निवृत्त शिक्षक, शेजारी
२. (सही) ॲड. स्नेहल इंगवले, कोल्हापूर